कापरेकरांचे ६१७४ पाठ, गृहपाठाची वही कोरी

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, सातवीत. आम्ही इंदिरानगरला राहतो, हे अंबडला एका कंपनीत आहेत, सासू-सासरे आमच्याबरोबर असतात. चौथीपर्यंत फारसा अभ्यास न करता तो पहिल्या पाचांत यायचा. पाचवीपासून गाडी घसरली. वह्या अपूर्ण, डायरीत लाल शेरे, वॉटरबॅग तर सारखी हरवते. तोंडी विचारलं की सगळं येतं. गणितात उत्तर बरोबर, पण पायऱ्या नाहीत म्हणून गुण कापलेले. गेल्या वर्षी होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेची लेखी फेरी पार करून प्रात्यक्षिकापर्यंत गेला आणि त्याच वर्षी शाळेत मराठीत जेमतेम पास झाला. प्रात्यक्षिकाच्या दिवशी ओळखपत्र घरीच राहिलं, द्वारका चौकातून गाडी परत वळवावी लागली. संध्याकाळी गणितज्ञ कापरेकरांच्या ६१७४ या संख्येचे खेळ करत तासन्‌तास बसतो. वहीची मागची पानं भरलेली, पुढची कोरी. अशा एका पानाचा फोटो सोबत पाठवते. बाईंनी सांगितलं म्हणून मानसशास्त्रज्ञांकडे तपासणी केली. अहवालात भाषिक तर्क १३८, कामाचा वेग ९६ असं आहे आणि खाली लिहिलंय : उच्च बुद्धिमत्ता, सोबत एडीएचडी (लक्ष टिकवणं, उतावीळपणा आवरणं जड जाण्याची अडचण). बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटा म्हणाले. हे म्हणतात, एवढ्या हुशार मुलाला कसला एडीएचडी, शाळेत कंटाळतो इतकंच, मीही असाच होतो. सासरे म्हणतात, आळस. वह्या पूर्ण होईपर्यंत शनिवारचा गणिताचा वर्ग आम्ही बंद केला आहे. परवा दप्तर भरताना त्याने विचारलं, "आई, मी हुशार आहे की ढ? एक काहीतरी नक्की सांग." मला उत्तर देता आलं नाही. यातलं खरं काय धरायचं? आणि गोळ्यांची फार भीती वाटते.
— एक आई, नाशिक

ताई,

दोन्ही खरं आहे. हुशारी खरी आणि एडीएचडीही खरा. यातलं एकच निवडायला घरातलं कुणीही तुम्हाला भाग पाडत असेल तर निवडू नका, कारण एक निवडलं की दुसऱ्या बाजूने मुलाचं नुकसान होतं. आणि एक गोष्ट हे पत्र पूर्ण वाचून होण्याची वाट न पाहता करा : शनिवारचा गणिताचा वर्ग पुन्हा सुरू करा. येत्या शनिवारपासूनच. का, ते पुढे सांगते.

आधी तुमच्या यजमानांच्या शंकेबद्दल. एडीएचडीचं निदान आज पुष्कळ ठिकाणी अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या नियमावलीतल्या निकषांवरून होतं. त्यात लक्ष न टिकण्याची नऊ लक्षणं आहेत आणि चुळबूळ-उतावीळपणाची नऊ. सतरा वर्षांखालच्या मुलात यांपैकी एका गटातली निदान सहा लक्षणं सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ दिसावी लागतात. त्यातली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी असावी लागतात, आणि त्यांच्यामुळे रोजच्या कामात खरोखर अडथळा यावा लागतो. बुद्ध्यांक अमुक एका आकड्याच्या वर असेल तर एडीएचडी धरू नये, असं त्यात कुठेही नाही. विचार किती खोल करता येतो हा एक भाग झाला. काम सुरू करणं, ते डोक्यात धरून ठेवणं, मध्ये दुसरं काही दिसलं तरी न सुटणं आणि वेळेवर हातावेगळं करणं हा दुसरा भाग. पहिल्यात पुढे असलेलं मूल दुसऱ्यात मागे असू शकतं. अशा मुलांना तज्ज्ञ 'ट्वाइस एक्सेप्शनल' म्हणतात. शोधायचं झालं तर या नावाने वाचायला पुष्कळ मिळेल.

अहवालातले ते दोन आकडे पुन्हा पाहा. या चाचण्यांत सरासरी १०० धरलेली असते आणि ९० ते १०९ म्हणजे सर्वसाधारण. नुसत्या ९६ वर कुणीच बोट ठेवणार नाही. पण त्याच मुलात शेजारी १३८ आहेत. म्हणजे बाईंनी प्रश्न विचारताच त्याला उत्तर सुचतं, आणि ते कागदावर उतरेपर्यंत बाकीचा वर्ग पुढच्या प्रश्नावर गेलेला असतो. हे त्याला रोज, प्रत्येक तासाला जाणवत असणार. केवळ या अंतरावरून एडीएचडी ठरत नाही, पण इतकं अंतर असताना सगळ्याची गोळाबेरीज केलेला एकच बुद्ध्यांक फारसं काही सांगत नाही. पुढे कुठेही अहवाल दाखवाल तेव्हा उपचाचण्यांच्या गुणांचं पान आवर्जून दाखवा.

मग हे चौथीपर्यंत का दिसलं नाही? कारण तोवर त्याची बुद्धी भार उचलत होती. एकच वर्गशिक्षिका, थोड्या वह्या, दप्तर भरायला तुम्ही, आणि एकदा ऐकलेलं लक्षात राहत होतं. पाचवीपासून विषयागणिक शिक्षक बदलले, प्रकल्प आले, 'पुढच्या गुरुवारी आणा' अशा सूचना आल्या. तिथे नुसती आकलनशक्ती पुरत नाही. हुशारीने इतकी वर्षं एडीएचडी झाकला आणि आता एडीएचडी हुशारी झाकतो आहे. या झाकाझाकीत असं मूल बाहेरून अगदी मध्यम दिसतं. मध्यम दिसणाऱ्या मुलाची काळजी कुणी करत नाही. त्याला फक्त 'मनात आणलं तर करशील' असं ऐकवलं जातं.

कंटाळ्याचा मुद्दा मात्र मी बाजूला टाकत नाही. हुशार मुलं शाळेत कंटाळतात, आणि कंटाळलेलं मूलही खिडकीबाहेरच बघतं. फरक कळतो तो मूल आवडीच्या जागी कसं वागतं त्यावरून. नुसतं कंटाळलेलं मूल तोडीचं काम मिळालं की सावरतं. वस्तू सांभाळतं, वेळ पाळतं. तुमच्या मुलाला होमी भाभाच्या प्रात्यक्षिकाला जीव तोडून जायचं होतं, आणि तरीही ओळखपत्र घरी राहिलं. इच्छा पूर्ण होती, तयारी पूर्ण होती, तरी जी गोष्ट हातात घ्यायची ती सुटली. द्वारकेवरून परत फिरलेल्या त्या गाडीत तुमचे यजमान होते ना? त्यांना शांतपणे विचारा, त्या दिवशी तो कंटाळला होता का.

तासन्‌तास गणित करतो मग लक्ष नाही कसं म्हणायचं, हा प्रश्न घरातल्या मोठ्यांना हमखास पडतो. एडीएचडीत लक्ष नसतंच असं नव्हे. ते हवं तिथे लावता येत नाही आणि लागलेलं हवं तेव्हा काढता येत नाही. जेवायला पाच हाका मारूनही न उठणारं मूल आणि शुद्धलेखनाच्या दोन ओळींनंतर उठणारं मूल एकच असू शकतं.

आता तुम्ही पाठवलेल्या पानाबद्दल. मी ते बराच वेळ पाहिलं. वरच्या भागात त्याने ३५२४ घेतला आहे. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी : ५४३२ मधून २३४५ गेले, ३०८७. पुढे ८७३० मधून ०३७८ गेले, ८३५२. मग ८५३२ मधून २३५८ गेले, ६१७४. इथवर पुस्तकातलं. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतात, हे देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ साली दाखवलं, आणि नाशिकच्या मुलाला त्याचं वेड लागावं याचा मला मनापासून आनंद झाला. पण पानाचा खालचा भाग त्याहून महत्त्वाचा आहे. तिथे त्याने दोन अंकी संख्या घेऊन पाहिल्यात आणि बाणांनी एक वर्तुळ काढलं आहे : ९, ८१, ६३, २७, ४५, पुन्हा ९. बाजूला तिरक्या अक्षरात लिहिलंय, "हे थांबत नाही, फिरत राहतं." ताई, हे बरोबर आहे. दोन अंकांत एकच ठरलेली संख्या येत नाही, हे चक्र येतं. कुणी न सांगता बारा वर्षांच्या मुलाने ते तपासून पाहिलं असेल तर त्याच्या हुशारीबद्दल आणखी पुरावा कशाला हवा?

त्याच पानावर आणखी दोन गोष्टी आहेत. एक, त्याने प्रत्येक पायरी लिहिली आहे. जो मुलगा शाळेच्या गणितात पायऱ्या गाळतो त्याने इथे एकही गाळलेली नाही, कारण इथे पायरीशिवाय काही दिसतच नाही. हे पान गणिताच्या बाईंना नेऊन दाखवा. त्यालाही सांगा, की उत्तर तुला आलंच आहे, पायऱ्या लिहायच्या त्या तू त्या उत्तरापर्यंत कसा पोचलास हे दुसऱ्याला कळावं म्हणून. हुशार मुलाला कारण पटलं तर तो निम्मी लढाई सोडून देतो. दुसरी गोष्ट, अंक आणि अक्षरं ओळ सोडून वरखाली गेली आहेत, आवडीचं लिहितानाही. मराठीत जेमतेम पास होण्यामागे लिहिण्याचीच काही वेगळी अडचण आहे का, हे तपासून घ्या. एडीएचडीसोबत लेखन-वाचनातली अडचण पुष्कळदा असते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी मात्र वेगळा नोंदलेला नाही. त्यामुळे लेखनाची अडचण असेल तर तिचं रीतसर प्रमाणपत्र पुढे बोर्डाच्या परीक्षेत उपयोगी पडतं. ते कुठून लागतं आणि कधीपर्यंत, हे शाळेत याच वर्षी विचारून ठेवा. दहावीत धावपळ नको.

शनिवारचा वर्ग. वह्या झाल्या तरच गणित, हा क्रम तुम्ही चांगल्या हेतूनेच लावला असणार, बहुतेक घरं लावतात. पण या मुलाचा आठवडा कसा जातो ते त्याच्या बाजूने पाहा. सकाळी बूट सापडत नाही म्हणून बोलणी, व्हॅनकाका थांबले म्हणून बोलणी, वर्गात शेरा, घरी आल्यावर डायरी. सबंध आठवड्यात 'मला जमतं' असं वाटण्याची एकच जागा होती, तीही गेली. आणि वह्या तर पूर्ण झाल्याच नाहीत, होणारही नव्हत्या, कारण वर्ग बंद झाल्याने त्याचा वेग वाढत नाही. गणित हे त्याचं बक्षीस नाही, जेवण आहे. वही अपुरी राहिली म्हणून आपण मुलाला उपाशी ठेवत नाही. अशा मुलांबाबत मला एवढंच कळकळीने सांगायचं असतं : जे कमी आहे त्याला आधार द्या, पण जे भरपूर आहे ते त्यासाठी ओलीस धरू नका. दोन्ही एकाच वेळी चालू द्या.

आधार म्हणजे काय, तेही सांगते. २००७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या फिलिप शॉ यांच्या गटाने मुलांच्या मेंदूची चित्रं वर्षानुवर्षं घेऊन पाहिली. मेंदूच्या वरच्या थराची जाडी इतर मुलांत साधारण साडेसातव्या वर्षी जो टप्पा गाठते, तो एडीएचडीच्या मुलांत साडेदहाच्या सुमारास आला. क्रम तोच, पण सुमारे तीन वर्षं उशिरा, आणि नियोजन-संयम सांभाळणाऱ्या कपाळामागच्या भागात हा उशीर जास्त. ही सरासरी आहे, तुमच्या मुलाचं मोजमाप नव्हे. पण घरात वागताना असा अंदाज उपयोगी पडतो : विचार करताना तो पंधरा-सोळाचा, दप्तर भरताना नऊचा. नऊ वर्षांच्या मुलाचं दप्तर आपण शेजारी उभं राहून भरून घेतो, त्याला लाजवत नाही. तसंच करा. त्यात लाड नाहीत.

रोजचं सांगायचं तर 'अभ्यासाला बस' हे वाक्य त्याच्यासाठी फार मोठं आहे. त्याऐवजी पहिली कृती सांगा : विज्ञानाची वही काढ, तारीख घाल, पहिला प्रश्न मला वाचून दाखव. सुरुवात झाली की पुढे सरकतं. पंधरा-वीस मिनिटांनी उठू द्या, पण उठण्याआधी घड्याळाचा गजर लावा, कारण 'पाच मिनिटांत येतो' हे तो खोटं बोलत नसतो, त्याला पाच मिनिटं जाणवतच नाहीत. आजोबांना एक काम द्या. त्यांनी पेपर घेऊन त्याच्या टेबलाशी बसायचं, काही शिकवायचं नाही, काही बोलायचं नाही. शेजारी कुणीतरी आपापलं काम करत बसलं की अशा पुष्कळ मुलांना कामाला चिकटून राहणं सोपं जातं. सासरे आळस म्हणतात तेही या बसण्यातून निवळेल, कारण मुलगा किती जोर लावतो ते त्यांना समोर दिसेल. दाराच्या आतल्या बाजूला एक पांढरा फळा लावा, त्यावर बाहेर पडताना घ्यायच्या वस्तू. तोंडी आठवण करून देऊ नका, 'फळा बघ' एवढंच म्हणा.

शाळेत फाइल घेऊन भांडायला जाऊ नका. वर्गशिक्षिकेला एका पानाचं पत्र द्या आणि मोजकं मागा. एकाच प्रकारची दहा गणितं असतील तर पहिली पाच बरोबर आल्यावर थांबण्याची मुभा, फळ्यावरचा गृहपाठ त्याने डायरीत उतरवला का यावर सुटण्याआधी एक नजर, आणि बसायला पुढची जागा. जमल्यास मोठ्या उत्तरांपैकी काही तोंडी घेणं. तपासणीला पाठवणाऱ्या बाई तुमच्या बाजूच्या आहेत, हे मोठं भाग्य आहे.

गोळ्यांबद्दल. निर्णय बालमानसोपचारतज्ज्ञ आणि तुम्ही मिळून घ्यायचा आहे, पण भीती माहितीने थोडी कमी होते. सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध मेथिलफेनिडेट. साध्या गोळीचा परिणाम अर्ध्या-पाऊण तासात सुरू होतो आणि तीन-चार तासांत ओसरतो. जास्त वेळ टिकणारे प्रकारही असतात. ॲटोमॉक्सेटिन हे वेगळ्या जातीचं औषध, त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. मेथिलफेनिडेट आपल्याकडे कडक नियमांखाली विकलं जातं, चिठ्ठीची प्रत दुकानदाराला जपून ठेवावी लागते, म्हणून ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही. त्यावरून ते भयंकर आहे असं समजू नका. देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत घेतल्याने मुलं व्यसनाकडे वळतात असं संशोधनात आढळलेलं नाही. भूक कमी होणं आणि झोप लांबणं हे नेहमीचे त्रास, म्हणून नाश्ता पोटभर देऊन मग गोळी, आणि वजन, उंची, नाडी, रक्तदाब यांवर डॉक्टरांचं लक्ष. हुशारी मंदावेल ही भीती तुमच्यासारख्या घरांत विशेष असते. योग्य मात्रेत तसं व्हायला नको. मूल गप्प, मिटल्यासारखं वाटलं तर ते 'शांत झालं' म्हणून समाधान मानू नका, डॉक्टरांना लगेच सांगा, मात्रा किंवा औषध बदलता येतं. गोळीने दप्तर भरायला येत नाही, तेवढं शिकवावंच लागतं. पण शिकवलेलं टिकायला तिची मदत होते.

तुमच्या यजमानांचं 'मीही असाच होतो' हे वाक्य मला पत्रातलं फार मोलाचं वाटलं. जुळ्यांवरच्या अभ्यासांत एडीएचडीची आनुवंशिकता सत्तर ते ऐंशी टक्क्यांच्या घरात दिसते, उंचीच्या जवळपास जाणारी. म्हणजे ते खरंच तसे असू शकतील. मग त्यांनी शाळा कशी काढली, नोकरीत आज काय लिहून ठेवावं लागतं, कुठे अजून अडतं, हे त्यांनी मुलाला सांगावं. बापाकडून ते ऐकणं कुठल्याही समुपदेशनापेक्षा जास्त काम करील. त्यांना आजही त्रास होत असेल तर मोठ्या वयातही निदान आणि उपचार होतात.

मुलाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं आहे, ते या आठवड्यातच द्या. गडबडीत नको, रात्री दिवे मालवल्यावर किंवा गाडीत, जिथे डोळ्यांत बघावं लागत नाही. साधं सांगा : "तू ढ नाहीस. तुला समजतं पटकन, आणि वस्तू, वेळ, वह्या सांभाळणं तुझ्या मेंदूला जड जातं. याला एडीएचडी म्हणतात, तो पुष्कळ मुलांना असतो. तो तुझ्या आळशीपणामुळे आलेला नाही आणि आमच्या रागावण्याने जाणारही नाही, म्हणून आता आपण दुसऱ्या रीतीने करू." आणि घरात एक वाक्य बंद करा, 'एवढा हुशार असून...' ते. त्यात हुशारीसुद्धा आरोप होऊन येते. अशी मुलं मग अवघड काम हातात घेणंच टाळतात, कारण जमलं नाही तर हुशारीही गेली असं त्यांना वाटतं. एखाद्या दिवशी तो फार निराश बोलला, 'मी नसतो तर बरं' अशा सुराचं काही, तर ते कधीही हलक्यावर घेऊ नका. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

खर्चाची अडचण असेल तर त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात आधी चौकशी करा. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या विकासातल्या अडचणींची तपासणी मोफत असते.

तज्ज्ञांची वेळ घेतलीत की पहिलीपासूनच्या डायऱ्या आणि प्रगतिपुस्तकं काढून ठेवा. बाराव्या वर्षाआधीची लक्षणं तिथेच सापडतील, बाईंच्या हस्ताक्षरात. ऐकू येणं, दिसणं, झोप आणि थायरॉइड यांची तपासणी झाली आहे का ते विचारा. घराण्यात कुणाला हृदयाचा त्रास असेल तर औषध सुरू होण्याआधी सांगा. ते ६१७४ चं पानही अहवालासोबत न्या. यजमानांनाही बरोबर घेऊन जा, आणि पहिली दहा मिनिटं डॉक्टरांशी मुलालाच बोलू द्या.